गोवा ते पोर्ट लुई, शिडाच्या नौकेने : तयारीचा धागा

मांडवीकाठ

मंडळी, किनाऱ्याकिनाऱ्याने शीड हाकणारे इथे बरेच आहेत. पण तीन आठवडे जमीन दिसणार नाही अशा सफरीबद्दल मराठीत सलग काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

चर्चा हवेत राहू नये यासाठी एक ठराविक सफर धरू. ३८ फुटी फायबरग्लासची स्लूप (एका डोलकाठीची, दोन शिडांची नौका), वजन साधारण आठ टन, माणसं दोन. गोव्याहून मॉरिशसला, पोर्ट लुई बंदरात. सरळ रेषेत सुमारे २३०० सागरी मैल. सरासरी साडेचार ते पाच नॉट (तासाला सागरी मैल) धरली तर १९ ते २१ दिवस, मध्ये वारा पडला तर २५.

प्रश्न तीन. निघायचं कधी? पाणी, वीज, डिझेल किती? आणि वाटेत नेमकं काय मोडतं?

"दर्या माणसाला घडवतो" छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे आकडे द्या.

वारेमाप

कधी निघायचं यातच अर्धी सफर आहे, कारण दोन्ही टोकांची पंचांगं जुळत नाहीत.

आपल्या बाजूने डिसेंबर ते मार्च सोन्यासारखे. ईशान्य मोसमी वारे, लाट कमी, आकाश मोकळं. पण नेमकं तेव्हाच मॉरिशसच्या बाजूला चक्रीवादळांचा हंगाम चालू असतो. नैर्ऋत्य हिंदी महासागराचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होऊन ३० एप्रिलला संपतो, आणि मॉरिशस-सेशेल्ससाठी तो १५ मेपर्यंत धरतात. म्हणजे जानेवारीत आरामात निघालात तर फेब्रुवारीत, ऐन वादळी दिवसांत, १५ ते २० दक्षिण अक्षांशात शिरणार.

उलट मे उजाडेपर्यंत थांबलात तर अरबी समुद्रच उलटतो. मोसमी पाऊस गोव्यात सरासरी ५ जूनच्या सुमारास पोचतो, पण त्याआधीची वादळं मे महिन्यातच येतात. २०२१ चं तौक्ते १५-१७ मेला कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला समांतर गेलं होतं.

उरते ती फट अशी : मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. गोव्यातून निघताना दुपारी वायव्येचा १०-१५ नॉट वारा, रात्री जवळपास शांत. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांपर्यंत चक्रीवादळ सहसा तयार होत नाही. तिथे पोचून दक्षिणेचा अंदाज बघायचा आणि एप्रिलअखेर खाली उतरायचं. दक्षिणेकडच्या वादळांचे अधिकृत इशारे रेयुनियनचं केंद्र देतं, उत्तर हिंदी महासागराचे दिल्लीचं हवामान खातं. दोन्ही बघायचे. एकाच्या हद्दीतून निघून तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत जाता हे लोक विसरतात.

आडकाठी

वाचनखूण साठवली. खुर्ची टाकून बसलो आहे.

देवगडकर_तांडेल

वारेमाप, वेळ बरोबर सांगितलीत. पण रस्त्याबद्दल एक भर घालतो. सरळ रेषा धरू नका.

सरळ रेषेने गेलात तर विषुववृत्त सुमारे ६६-६७ पूर्व रेखांशावर ओलांडाल. तिथून पोर्ट लुईची दिशा येते साधारण २०४ अंश. दक्षिणेकडचे व्यापारी वारे आग्नेयेचे, म्हणजे १३५ अंशांवरून. वारा नाळेपासून (नौकेच्या पुढच्या टोकापासून) जेमतेम ७० अंशांवर आला. नौकेच्या वेगामुळे जाणवणारा वारा आणखी १५-१८ अंश पुढे सरकतो. म्हणजे दीड आठवडा तिरकं होऊन लाटा फोडत जायचं, आणि सगळं ओलं.

त्याऐवजी ७३ रेखांशाच्या आसपास राहून विषुववृत्त ओलांडा. तिथून दिशा २१८ अंश, वारा ८३ अंशांवर. चौदा-पंधरा अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, नौकेत तो झोप मिळणं आणि न मिळणं एवढा असतो. शिवाय दहा दक्षिणेच्या पुढे विषुववृत्तीय प्रवाह पश्चिमेला अर्धा ते एक नॉट ओढतो. पूर्वेचं माप खिशात असेल तरच ते परवडतं.

निसर्गाची मदतही आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या मोसमपालटाच्या महिन्यांत विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारा जोरदार प्रवाह असतो, विर्टकी जेट म्हणतात त्याला. एक ते दोन नॉट. पश्चिमेला जाणाऱ्याला तो शाप, आपल्याला फुकटचं भाडं.

आणि ७३ रेखांशावर मालदीवचं अड्डू प्रवाळबेट आयतं पडतं. गोव्यापासून सुमारे ९७० मैल, तिथून पोर्ट लुई १५०० च्या आत. त्यातल्या गान बेटावर प्रवेशाचे सोपस्कार होतात, एजंट लागतो. दक्षिणेतलं वादळ सरकेपर्यंत थांबायला याच्यासारखी जागा नाही.

मांडवीकाठ

@देवगडकर_तांडेल, म्हणजे लक्षद्वीप-मालदीवच्या पश्चिमेने उतरायचं ना? मग मिनिकॉयच्या बाजूची जहाजांची वर्दळ?

देवगडकर_तांडेल

होय, पश्चिमेने. नऊ अंश आणि आठ अंश खाड्यांमधून सुएझ-कोलंबो-मलाक्का ही सगळी वाहतूक जाते. पश्चिमेला निघालात तरी तोच ओघ भेटणार, फक्त पसरलेला. काटकोनात ओलांडा, शक्यतो दिवसा, आणि त्या पट्ट्यात कोणी झोपू नये.

पण जहाजांपेक्षा पहिले पन्नास मैल वाईट. जाळी. मोठं जहाज एआयएसवर (जहाजांची जागा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर) दिसतं. जाळ्याच्या टोकाला असतो बांबू, त्यावर फडका, आणि नशीब असेल तर एक लुकलुकता दिवा. हल्ली काही जाळ्यांवर एआयएसचे बोये असतात, पडद्यावर ते नौकेसारखेच दिसतात, म्हणून एकाच रेषेतल्या संथ खुणा दिसल्या की मधून घुसू नका. पहाटे मतलईवर बाहेर पडलात तर उजेडात निम्मा पट्टा मागे पडतो. जाळं अडकलं तर इंजिन आधी न्यूट्रल. उलट गिअर टाकून सुटत नाही, आणखी चार वेढे बसतात.

खारंपाणी

पहाऱ्याबद्दल. "वीस मिनिटांचा गजर लावून डुलकी" हा सल्ला सगळीकडे असतो, त्याचं गणित करून बघा. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या डोलकाठीवरचा दिवा नियमाप्रमाणे किमान सहा मैलांवरून दिसला पाहिजे. जहाज वीस नॉटने, तुम्ही पाच नॉटने समोरासमोर. सहा मैल संपायला साडेचौदा मिनिटं. स्वच्छ हवेत दिवे आधी दिसतात हे खरं, पण पावसाच्या सरीत सहाही दिसत नाहीत.

त्यामुळे दर दहा-बारा मिनिटांनी पूर्ण वर्तुळ बघायचं. दोन माणसांत रात्री तीन-तीन तास, दिवसा सैल. एआयएसचा ट्रान्सपाँडर हवा, नुसता रिसीव्हर नको. समोरच्याला तुम्ही दिसलं पाहिजे. डोलकाठीच्या टोकाचा तिरंगी दिवा फक्त शिडावर असताना. इंजिन लावलं की तो बंद करून खालचे दिवे, नाहीतर समोरचा तुम्हाला शिडाची नौका समजून हिशेब करतो.

दोरखंड

"वाटेत नेमकं काय मोडतं" याचं उत्तर : जे घासतं ते. वादळाची भीती सगळ्यांना असते. खरं नुकसान करतो तो एकाच बाजूचा वारा, एकाच कोनात, वीस दिवस. किनारी सफरीत दर दोन तासांनी शीड बदलतं, दोराचा घासणारा भाग बदलतो. इथे तोच एक इंच दोर त्याच कप्पीवर लाखो वेळा हलतो.

पहिला बळी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीत. वर काय चाललंय ते खालून दिसत नाही. उपाय बिनखर्चाचा : रोज सकाळी वीतभर सोडायचं किंवा ताणायचं, म्हणजे घासणारी जागा बदलते. निघताना प्रत्येक हॅलयार्ड दीड-दोन मीटर जास्त लांब ठेवा, टोक कापून परत बांधता येतं. जादा हॅलयार्ड आधीच ओवलेलं हवं. लाटेत डोलकाठीवर चढून ओवणं हा शेवटचा पर्याय.

दुसरा, आणि जास्त धोक्याचा, जेनोआ (पुढचं मोठं शीड) गुंडाळायचा दोर. ड्रमात शिरतो तिथे घासतो. तो तुटला तर पूर्ण जेनोआ एकदम उघडतो, आणि हे व्हायचं ते रात्रीच्या सरीत, कारण ताण तेव्हाच येतो. ड्रमवर शीड पूर्ण गुंडाळल्यावरही तीन-चार वेढे उरले पाहिजेत. रोज अर्धा वेढा कमी-जास्त करा.

मग जेनोआची शीट (शीड ओढायचा दोर) जिथे रेलिंगच्या तारेला किंवा श्राउडला (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेला) टेकते ती जागा, रीफचा (शीड आखूड करायचा) दोर बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकाशी, आणि डेकवरच्या डिझेलच्या कॅनांच्या बांधण्या. या शेवटच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. वीस लिटरचा कॅन सुटला की रेलिंगचा खांब घेऊन जातो. जुना अग्निशामक पाइप उभा चिरून दोरावर चढवा, दोन्ही टोकं शिवा. चामडंही चालतं, पण ओलं-सुकं होऊन कडक होतं.

शीड फाटलं तर चिकटपट्टीचं डॅक्रॉन (शिडाचं कापड) लावण्यापूर्वी भाग गोड्या पाण्याने पुसा, वाळवा, मग स्पिरिटने पुसा. मिठावर काहीही चिकटत नाही, आणि "पट्टी निकृष्ट होती" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलेलं नसतं. पट्टीवर कडेने शिवण हवीच. सुई १४ ते १६ नंबर, मेणाचा दोरा, तळहाताचा चामडी पट्टा.

दोरखंड

तारांबद्दल वेगळा प्रतिसाद देतो, वरचा लांबला.

३८ फुटीवर डोलकाठी ताणून धरायला साधारण आठ मिलिमीटरची १×१९ (एकोणीस धाग्यांची) स्टेनलेस तार असते. ती मध्ये तुटत नाही, खालच्या दाबून बसवलेल्या टोकात तुटते. तिथे खारं पाणी साठतं, हवा पोचत नाही, आणि आतून भेगा पडतात. निघण्याआधी प्रत्येक टोक भिंगातून बघा. गंजाचा तपकिरी ओघळ, केसाएवढी रेघ, सुटलेला एक धागा, यातलं काहीही दिसलं तर ती तार बदलायची. "अजून अठरा शाबूत आहेत" हा युक्तिवाद करू नये. दहा-बारा वर्षांची तार असेल तर सगळीच बदला.

बरोबर न्यायचं : सर्वात लांब स्टेएवढी (डोलकाठीला पुढून-मागून धरणाऱ्या तारेएवढी) एक तार, हातपान्याने बसवता येतील अशी दोन यांत्रिक टोकं आणि त्यांचे जादा शंकू, दहा मिलिमीटरचा डायनीमा दोर पंधरा-वीस मीटर, क्लेव्हिस पिना (तारांची टोकं अडकवणाऱ्या), कॉटर पिनांचा डबा. श्राउड गेला तर आधी नौका वळवून वारा दुसऱ्या बाजूला घ्या म्हणजे त्या बाजूचा ताण जातो. मग डायनीमा आणि लॅशिंगने तात्पुरता श्राउड उभा राहतो.

डोलकाठीच पडली तर ती मोकळी करायला घाई लागते, कारण पाण्यातलं टोक नौकेच्या अंगावर आपटत राहतं. हातोडा आणि पंच घेऊन क्लेव्हिस पिना काढणं तार कापण्यापेक्षा लवकर होतं, पिना वाकल्या नसतील तर. बॅटरीवरचा ग्राइंडर दुसरा पर्याय. आणि पाण्यात दोर आहेत का बघितल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. व्हीएचएफची (जवळच्या पल्ल्याच्या रेडिओची) अँटेनाही डोलकाठीबरोबर जाते, आपत्कालीन अँटेना आत ठेवा. २१ सप्टेंबर २०१८ ला एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या अभिलाष टॉमी यांची नौका दक्षिण हिंदी महासागरात उलटून डोलकाठी गेली, तेव्हा तो प्रसंग या मार्गाच्या कितीतरी दक्षिणेला, वेगळ्याच हवेत होता. पण मोडतोडीनंतर काय काय एकदम बंद पडतं हे समजून घ्यायला तो अभ्यासण्यासारखा आहे.

बॅटरीबाबा

विजेचा हिशेब, १२ व्होल्टवर, २४ तासांचा.

ऑटोपायलट सरासरी पाच अँपिअर धरला तर १२०. आडव्या लाटेत जास्तच. फ्रिज उष्ण पट्ट्यात ५०. उपकरणं आणि प्लॉटर (नकाशाचा पडदा) २४. एआयएस १२. दिवे, पंखे, फोन, व्हीएचएफ मिळून १५. बेरीज २२० अँपिअर-तासांच्या घरात.

उत्पन्न : ४०० वॉटचे सौर पॅनेल. उपयोगी ऊन साडेचार तास धरलं आणि शिडाच्या सावलीचे वीस टक्के वजा केले तर १२० अँपिअर-तास. म्हणजे जवळपास निम्मी तूट. दक्षिणेकडे जाताना शीड पश्चिमेकडे झुकलेलं, त्यामुळे दुपारनंतर त्या बाजूच्या पॅनेलवर सावली. पॅनेल दोन्ही बाजूंना वाटा आणि प्रत्येकाला स्वतंत्र चार्ज कंट्रोलर द्या, नाहीतर एकावरची सावली सगळ्यांचं उत्पन्न खाते.

लिथियम फॉस्फेट बॅटऱ्या घेणाऱ्यांसाठी इशारा. त्या अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढतात. साधा अल्टरनेटर पूर्ण भाराने तासभर चालला की तापून जळतो. तापमान बघणारा बाहेरचा रेग्युलेटर किंवा मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. आणि बीएमएसने (बॅटरीच्या संरक्षक सर्किटने) मध्येच बॅटरी तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात.

देवगडकर_तांडेल

बाबा, तुमच्या बेरजेतला सगळ्यात मोठा आकडाच काढून टाकता येतो. विंडव्हेन (वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणारं यंत्र) लावा. १२० गेले की उरलेले १०० तुमच्या पॅनेलवर भागतात.

बॅटरीबाबा

मान्य, पण विंडव्हेन जादू नाही. शिडं तोललेली नसतील तर ती नौका सरळ नेत नाही, आणि मग लोक यंत्राला शिव्या घालतात. सुकाणू सारखं एका बाजूला ओढत असेल तर आधी मेनसेल (मागचं मुख्य शीड) रीफ करा, जेनोआ नंतर. दुसरं, वारा आठ नॉटच्या खाली गेला की पातं नीट हलतच नाही, आणि शांत पट्टा तुमच्या मार्गात आहेच.

देवगडकर_तांडेल

त्यावर जुना तोडगा आहे. पात्याच्या जागी छोटा टिलरपायलट (दांडा हलवणारं विजेचं यंत्र) जोडायचा. त्याने फक्त विंडव्हेनचा दांडा हलवायचा, सुकाणू फिरवायची ताकद पाण्यातलं पातं देतं. खप एक अँपिअरच्या आत. पण पाण्याला नौकेखालून वेग हवा, दोन-तीन नॉट तरी.

बरोबर घ्या : लाकडी पातं एक जादा, नियंत्रणाचे दोर दोन जोड, आणि मुद्दाम कमकुवत ठेवलेली जी नळी काहीतरी आदळल्यावर तुटते तिच्या दोन जादा नळ्या.

खारंपाणी

विंडव्हेन की ऑटोपायलट यात मूळ सुकाणू विसरू नका. २०१८ साली केप टाऊनहून गोव्याकडे येताना नौदलाची तारिणी सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे याच पोर्ट लुईला थांबली होती. तीही पूर्ण तयारीची नौका.

चाकापासून क्वाड्रंटपर्यंतच्या (सुकाणूच्या दांड्यावरच्या चकतीपर्यंतच्या) तारेवर टिश्यू पेपर फिरवा. तुटलेला धागा असेल तर कागद अडकतो. एक जादा तार मापाने कापून, टोकं करून ठेवा. आपत्कालीन टिलर (सुकाणूचा हाताने फिरवायचा दांडा) आहे म्हणून समाधान मानू नका, बंदरातच बसवून बघा. कित्येक नौकांत तो बिछान्याच्या फळीला किंवा चाकाच्या खांबाला अडतो.

मेतकूट

खाण्यापिण्याचं कोणी बोलेना म्हणून मी.

पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार लिटर. दोघं, पंचवीस दिवस, २०० लिटर. त्यावर निम्मं राखीव, ३००. एकाच टाकीत ठेवायचं नाही. एक टाकी खारट झाली की खेळ खलास. दोन टाक्या आणि वीस लिटरचे चार कॅन, कॅन पूर्ण भरायचे नाहीत म्हणजे पाण्यात पडले तरी तरंगतात.

बटाटे उकडायला एक भाग समुद्राचं पाणी, दोन भाग गोडं. भाताला नको, खारट होतो. प्रेशर कुकरशिवाय निघू नये : गॅस वाचतो आणि नौका हेलकावली तरी उकळतं पाणी अंगावर येत नाही. दोघांना दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस धरा. पाच किलोचा एक सिलेंडर पंचवीस दिवस ओढून पुरतो, म्हणून दोन. आपल्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह परदेशात भरून मिळेल या भरवशावर राहू नका. गॅस हवेपेक्षा जड, गळाला की तळाशी साठतो, त्यामुळे सिलेंडरचा कप्पा बाहेरच्या बाजूने, खाली समुद्रात निचरा होणारा हवा.

पहिले तीन दिवस कोणी रांधण्याच्या अवस्थेत नसतं. त्यासाठी दशम्या, भडंग, मेतकूट-भात, कोकमाचं सरबत. नंतर भाजणी, कुळथाचं पीठ, पोहे, कडधान्यं भिजवून मोड. कांदे-बटाटे जाळीत, एकमेकांपासून लांब. अंडी न धुतलेली, रोज उलटी करायची. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडा, त्यांच्या पन्हाळ्यांत झुरळांची अंडी येतात.

ताजं कमी आणि पाणी कमी, म्हणजे पोट साफ होत नाही. हसू नका, हा लांब सफरीतला नेहमीचा आजार आहे. इसबगोल घ्या.

आडकाठी

वॉटरमेकर (खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र) असेल तर ३०० लिटर कशाला वाहायचं?

मेतकूट

कारण तो बंद पडतो, आणि बंदरात नाही, बाराव्या दिवशी पडतो. छोटं यंत्र तासाला सहा लिटरच्या आसपास देतं, चार अँपिअर घेतं. दहा लिटर हवं तर पावणेदोन तास. या मार्गात दक्षिणेला वारा सतत डाव्या बाजूने. पाणी ओढायचं भोक डावीकडे असेल तर झुकल्यावर ते वर येतं, हवा ओढतं आणि पंप अडतो. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचंही तेच. भोक उजवीकडे किंवा मध्याजवळ आहे का बघा.

यंत्रातल्या गाळणीच्या पडद्याला क्लोरीन चालत नाही. नळाच्या पाण्याने धुवायचं तर मध्ये कार्बन फिल्टर. बंदरातल्या तेलकट पाण्यात यंत्र चालवायचं नाही.

बॅटरीबाबा

डिझेल राहिलं. पाच नॉटला तासाला तीन लिटर. शांत पट्ट्याचे ३०० मैल म्हणजे ६० तास, १८० लिटर. चार्जिंग आणि बंदरात शिरायला आणखी ६०.

प्रमाणापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. उष्ण हवेत टाकीच्या तळाच्या पाण्यात जंतू वाढतात, काळा चिकट थर बनतो. किनारी सफरीत तो शांत बसतो, आडव्या लाटेने ढवळला की दहा मिनिटांत फिल्टर तुंबतो. निघण्याआधी टाकी उघडून साफ करा, जंतुनाशक घाला. टाकीनंतरचे पहिले फिल्टर सहा, इंजिनवरचे तीन, पाण्याच्या पंपाचे इम्पेलर दोन. हवा काढायचा क्रम कागदावर लिहून इंजिनच्या झाकणाला आतून चिकटवा.

वारेमाप

संपर्काबद्दल एक कायदेशीर खड्डा. भारतात सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही. थुराया, इरिडियम तर नाहीच, आणि इरिडियमवर चालणारे छोटे संदेशयंत्र बाळगल्याबद्दलही विमानतळांवर परदेशी प्रवासी अडकले आहेत. "समुद्रातच वापरणार" हे उत्तर चालत नाही. इन्मारसॅट सेवा बीएसएनएलमार्फत मिळते, तिचे कागद वेळेत करा. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटाचा संकेत उपग्रहाला पाठवणारा बोया) वेगळा : त्याची नोंदणी बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात होते. नोंदणी नसेल तर संकेत आला तरी कोणाला फोन करायचा हे कळत नाही.

हवामानाची फाइल मागवताना एक अंशाची जाळी, सहा तासांचा टप्पा, फक्त वारा आणि दाब. काही किलोबाइटमध्ये काम होतं. सरी त्यात दिसत नाहीत. त्यामुळे दहा उत्तर ते दहा दक्षिण या पट्ट्यात सूर्यास्ताला एक रीफ जास्त घालून ठेवायचा. अर्धा नॉट जातो, जाऊ द्या.

ग्रां_बे

इकडून, मॉरिशसहून थोडं. सोपस्कार पोर्ट लुईतच, पिवळा झेंडा लावून. इथे चक्रीवादळाचे इशारे वर्ग १ ते ४ असे देतात, आकडा वाऱ्याचा जोर नव्हे तर वादळ किती जवळ आलं ते सांगतो. उत्तर टोकाला राउंड आयलंड, फ्लॅट आयलंड आणि गनर्स कॉइन यांच्यामधून प्रवाह जोरात असतो, रात्री तिथून शॉर्टकट घेऊ नका. पश्चिमेने मोकळं पाणी ठेवून या आणि उजाडेपर्यंत बाहेरच थांबा.

मांडवीकाठ

@ग्रां_बे, थांबायचं म्हणजे हीव्ह-टू, शिडं-सुकाणू बांधून नौका जवळपास जागच्या जागी रोखून? आडव्या लाटेत तीन-चार तास?

ग्रां_बे

बेटाच्या पश्चिमेला आलात की लाट बरीच पडते. रुमालाएवढा जेनोआ वाऱ्याच्या बाजूला, मेनसेल तिसऱ्या रीफवर, सुकाणू वाऱ्याकडे बांधून. पण आधी विंडव्हेनचं पाण्यातलं पातं उचलून घ्या, नौका मागे सरकली की ते वाकतं.